सलामीच्या गोलंदाजाची बदली

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत भाताची कापणी आटोपून खाचरे कोरडी पडली, की डोंगरपायथ्याच्या गावोगावी क्रिकेटचा मोसम सुरू होतो. आणि त्याबरोबरच एक मतही दरवर्षी नव्या जोमाने प्रतिपादिले जाते, ते असे, की ज्या गोलंदाजाच्या अंगी वेग आहे परंतु दम अपुरा आहे, त्याच्या हाती डावाच्या आरंभी नवा चेंडू देऊन त्यास दमविण्यापेक्षा शेवटच्या एक-दोन षटकांसाठी त्याला राखून ठेवावे, त्यातच त्याचे आणि संघाचे हित आहे. हे मत मांडणारे लोक खेळाविषयी उदासीन नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकांनी पदरमोड करून खेळपट्ट्या तयार केल्या आहेत, मुलांना स्वतःच्या वाहनातून सामन्यांना नेले-आणले आहे, आणि त्यांच्या शब्दास या भागातील मुले आपल्या वडिलांच्या शब्दाइतका मान देतात. त्यांच्या शब्दास असे वजन असल्यामुळेच त्यांच्या या मताचा सविस्तर प्रतिवाद करणे मला अवश्य वाटते.

प्रथम प्रतिपक्षाची कैफियत तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. अलीकडे तिच्या समर्थनार्थ अमेरिकेतील बेसबॉलचे दाखले दिले जातात, आणि ते अप्रस्तुत नाहीत, कारण या प्रश्नाचा जितका ऊहापोह त्या खेळात झाला आहे तितका अन्य कोणत्याही खेळात झालेला नाही. तेथे सामन्याचा आरंभ करणारा पिचर, ज्यास 'स्टार्टर' म्हणतात, चार-पाच दिवसांतून एकदा मैदानात उतरतो आणि प्रतिपक्षाच्या नऊ फलंदाजांच्या रांगेस दोनदा, जमल्यास तीनदा तोंड देतो. तो थकला म्हणजे मैदानालगतच्या बुलपेन नामक आवारात हात मोकळा करीत असलेल्या राखीव पिचरांपैकी एकजण त्याची जागा घेतो आणि बहुधा एकच डाव टाकून आपले काम संपवितो. तोच फलंदाज त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा उभा राहिला, की त्याचा चेंडू ओळखू लागतो, हे तेथे सर्वमान्य आहे. म्हणून ज्याच्या भात्यात दोनच प्रकारचे चेंडू आहेत, किंवा ज्याचा वेग पाचव्या डावात उतरतो, अशा स्टार्टरची बुलपेनमध्ये रवानगी करावी. तेथे त्याला शक्ती राखून ठेवावी लागत नाही, एका डावात सर्वस्व ओतता येते, त्याचा वेग वाढतो, आणि सामन्याचा निकाल ज्या क्षणी लागावयाचा त्या क्षणी तो ताजातवाना असतो. हाच न्याय आपल्या मुलांना लावा, असे आमचे मित्र म्हणतात.

या कैफियतीतील जे खरे आहे ते मी विनाशर्त मान्य करतो. थोडे टाकणारा अधिक वेगाने टाकतो. अखेरच्या षटकात सहा धावा राखणे हे कच्च्या मनाच्या माणसाचे काम नाही, आणि ते काम करणाऱ्यास दुय्यम मानणे हा अन्याय आहे. परंतु अमुक काम कठीण आहे एवढ्यावरून ते तमुक माणसासच द्यावे असे सिद्ध होत नाही, आणि मूळ वाद तर माणसाच्या निवडीचा आहे.

दाखल्यांपैकी जॉन स्मोल्ट्झचे नाव हटकून पुढे येते. अटलांटा ब्रेव्ह्ज संघाच्या या पिचरने १९९६ साली साय यंग हा पिचरांचा सर्वश्रेष्ठ पुरस्कार मिळविला होता. कोपरावरील शस्त्रक्रियेमुळे २००० चा सबंध मोसम त्याला गमवावा लागला, २००१ साली परतल्यावर त्याला बुलपेनमध्ये धाडण्यात आले, आणि २००२ च्या एका मोसमात त्याने अखेरीस येऊन ५५ सामन्यांत आपल्या संघाची आघाडी शाबूत राखली. आमचे मित्र दाखला येथेच संपवितात. इतिहास मात्र पुढे चालू राहतो. हाच स्मोल्ट्झ २००५ साली स्वतःच्या इच्छेने पुन्हा स्टार्टर झाला, त्या वेळी त्याने वयाची पस्तिशी ओलांडली होती, आणि त्यानंतरच्या सलग तीन मोसमांत त्याने प्रत्येकी दोनशेहून अधिक डाव टाकले. बुलपेनमधील पिचर वर्षभरात साठ-सत्तर डाव टाकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. ज्याने बुलपेनमध्ये सर्व काही मिळविले होते, तो मनुष्य ते सोडून पूर्वीच्या जागी का परतला, याचा खुलासा प्रतिपक्षाने केला पाहिजे. दुसरा दाखला डेनिस एकर्सली याचा. ओकलँड संघाने त्याला १९८७ मध्ये बुलपेनमध्ये नेले आणि १९९२ साली त्याने साय यंग व सर्वोत्कृष्ट खेळाडू हे दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी पटकावले, हे सर्व यथार्थ आहे. परंतु त्यापूर्वी तो बारा मोसम स्टार्टर म्हणून खेळला होता आणि बदलीच्या वेळी बत्तीस वर्षांचा होता. या दोघांनी आपल्या कलेचा पूर्ण अभ्यासक्रम आरंभाच्या जागेवर पुरा केला होता. शरीराने किंवा वयाने एक दार लावले तेव्हा त्यांच्यासाठी दुसरे दार उघडले गेले. कशेळ्याच्या किंवा वावोशीच्या सतरा वर्षांच्या मुलाला, ज्याने अद्याप एकही लांब स्पेल टाकलेला नाही, या दोघांच्या पंक्तीस बसविणे म्हणजे निवृत्तिवेतनाचे नियम उमेदवारास लागू करणे होय.

मारियानो रिव्हेरा याचे उदाहरण निराळे आहे, आणि ते मी टाळीत नाही. १९९५ साली न्यूयॉर्क यांकीजने त्याला दहा सामन्यांचा आरंभ करावयास दिला, त्यात त्याचे बस्तान बसले नाही, आणि पुढे बुलपेनमध्ये त्याने एकाच विशिष्ट चेंडूच्या बळावर ६५२ सामने राखण्याचा विक्रम केला. अशी माणसे असतात. तथापि त्यालाही आधी आरंभाची संधी मिळाली होती, आणि त्याची जागा कोणती हे त्या परीक्षेनंतर ठरले, परीक्षेपूर्वी नव्हे.

परीक्षा न घेताच निकाल देण्याचे फळ काय असते, हे पाहावयाचे असेल तर पेद्रो मार्टिनेझचा वृत्तान्त पाहावा. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाने १९९३ च्या मोसमात त्याला ६५ सामन्यांत उतरविले, पण त्यांपैकी आरंभ करण्याचा मान केवळ दोनदा दिला. एवढ्याशा देहयष्टीचा मुलगा लांब काम झेपवू शकणार नाही, अशी तेथील कारभाऱ्यांची धारणा होती. मोसम संपताच त्यांनी त्याला माँट्रियलच्या हवाली केले. तेथे त्याच्या हाती आरंभाचे काम आले, १९९७ साली साय यंग पुरस्कार आला, आणि पुढे बॉस्टनकडून खेळताना १९९९ व २००० मध्ये आणखी दोनदा. देहाकडे पाहून दम ठरविणाऱ्यांनी किती मोठे धन हातचे घालविले, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

आणि आपल्या मराठी मुलखात तर याचेच प्रत्यंतर कितीतरी आधी येऊन गेले आहे. रमाकांत देसाई उंचीने इतके लहान, की सर्व जग त्यांना 'टायनी' याच नावाने ओळखीत असे. १९५८-५९ च्या मोसमात, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईने त्यांच्या हाती नवा चेंडू दिला आणि त्यांनी रणजी स्पर्धेत ५० बळी अकरा धावांच्या सरासरीने घेतले. त्याच मोसमात, १९५९ च्या फेब्रुवारीत, दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी कसोटीत पदार्पण केले आणि एका डावात ४९ षटके टाकून १६९ धावांत चार गडी बाद केले. प्रतिपक्षाचे जाणते लोक नेमके याच ठिकाणी मला अडवितात. पाहा, म्हणतात, हा माणूस आरंभाच्या कामात जळून गेला. १९६८ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याची शेवटची कसोटी झाली. त्याला थोडके टाकावयास दिले असते तर तो आणखी सहा वर्षे खेळला असता. हा आक्षेप गंभीर आहे, आणि मला त्याचे उत्तर सावकाश दिले पाहिजे.

देसाई आरंभ करीत होते म्हणून झिजले, असे म्हणणे म्हणजे कारण आणि सोबत यांची गल्लत करणे होय. ज्या ४९ षटकांचा मी उल्लेख केला ती नव्या चेंडूची षटके नव्हेत; नव्या चेंडूची झळाळी पंधरा-वीस षटकांत ओसरते, आणि त्यानंतरची सर्व षटके त्यांना टाकावी लागली ती दुसऱ्या टोकास त्यांच्या तोलाचा वेगवान जोडीदार नव्हता, आणि त्यांना विश्रांती देण्याची तजवीज कोणीही केली नव्हती, म्हणून. भारताच्या त्या पिढीने एका लहानखुऱ्या तरुणाच्या खांद्यावर चौघांचे ओझे टाकले. त्यावर इलाज दोन होते, जोडीदार घडविणे आणि सहा-सात षटकांनंतर त्याच्या हातून चेंडू काढून घेणे. आरंभाची जागाच काढून घेणे हा इलाज नव्हता, कारण ज्या आडव्या-तिडव्या हालचालीने आणि उसळीने हनीफ महंमदासारख्या फलंदाजास त्यांनी वारंवार बेजार केले, ती नव्या चेंडूच्याच अंगची होती. हेच दुसऱ्या शब्दांत आपल्या मुलांस लागू आहे. दुसऱ्या स्पेलमध्ये ज्याचा वेग उतरतो त्याची चौकशी करताना, त्याला पहिला स्पेल किती षटकांचा दिला होता, मध्ये विश्रांती किती मिळाली, त्याच्या पायांची मेहनत कोणी करून घेतली, आणि त्याला तिसरा चेंडू शिकविण्याचा यत्न कोणी केला, हे चार प्रश्न आधी विचारले पाहिजेत. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळी त्यांपैकी एकही विचारला जात नाही, आणि बदलीचा हुकूम मात्र निघतो.

नवा चेंडू टाकणारे घडवावयाचे थांबले, म्हणजे काय होते, तेही नोंदलेले आहे. १९६७ च्या जुलैमध्ये बर्मिंगहॅमच्या कसोटीत बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चारही फिरकी गोलंदाज एकाच वेळी खेळले, आणि भारताचा नवा चेंडू हाती घेण्याची पाळी आली ती बुधी कुंदरन या मूळच्या यष्टिरक्षकावर. त्या दौऱ्यात दुखापतींनी संघास ग्रासले होते हे खरे; तरीही एका सबंध राष्ट्राच्या भांडारात त्या दिवशी काय शिल्लक होते, ते यावरून दिसते. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ज्या डावखुऱ्या तरुणाच्या हाती नवा चेंडू आला, ते उमेश कुलकर्णी आपल्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, अलिबागेस, जन्मलेले. चारच कसोट्या त्यांच्या वाट्याला आल्या, पण या जिल्ह्याच्या मातीतला मुलगा कसोटीच्या पहिल्या षटकासाठी धाव घेऊ शकतो, एवढे त्यांनी सिद्ध करून ठेवले आहे.

आता आमच्या कर्जतकर मित्रांचा लाडका दृष्टान्त. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जत स्थानकात थांबते, तिच्या मागे 'बँकर' इंजिने जोडली जातात, आणि ती मागून रेटा देत बोरघाटाचा सदतिसास एक असा चढ तिच्याकडून चढवून घेतात. त्या इंजिनांना पुढच्या इंजिनाहून हलके कोण म्हणेल, असा त्यांचा सवाल असतो. कोणीही म्हणणार नाही. परंतु हा दृष्टान्त थोडा पुढे नेला तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. बँकर कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस किलोमीटर, आपले काम करून परत फिरतो; गाडी मात्र मुंबईहून निघालेली असते आणि तिला पुण्यास व त्याच्याही पलीकडे जावयाचे असते, आणि ते सर्व अंतर पुढचे इंजिनच ओढीत असते. घाट अवघड आहे म्हणून गाडीचे मूळ इंजिन सोडवून मागे लावावे, आणि पुढे काय ओढील याचा विचार नंतर करावा, असा प्रस्ताव रेल्वेच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढे कोणी ठेवणार नाही. घाटासाठी वेगळी इंजिने तैनात ठेवावी लागतात. शेवटच्या षटकांसाठीही वेगळी माणसे तयार करावी लागतील, आणि ती करता येतात, कारण अचूक यॉर्कर आणि फसवा संथ चेंडू ही वर्ष-दोन वर्षांच्या निष्ठेने साध्य होणारी विद्या आहे. उजव्या हाताच्या फलंदाजापासून उशिरा बाहेर जाणारा चेंडू षटकामागून षटक त्याच टप्प्यावर टाकण्यास किती वर्षे लागतात, हे ज्याने प्रयत्न केला त्यालाच विचारावे.

येथे टेनिस बॉलविषयी बोलणे प्राप्त आहे, कारण आमच्या भागात या मताचे खरे मूळ तेथे आहे. नेरळपासून खोपोलीपर्यंत आणि चौकापासून कडावापर्यंत जे शेकडो तरुण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात खेळतात, ते बहुतांशी टेनिस बॉलने, सहा किंवा आठ षटकांचे सामने खेळतात, आणि अशा सामन्यात एका गोलंदाजाच्या वाट्याला एक, फार तर दोन षटके येतात. त्या खेळाचा मी द्वेष्टा नाही. प्रकाशझोताखाली हजारो माणसे एका गावाच्या संघासाठी उभी असतात तो देखावा मला प्रिय आहे, आणि त्या खेळाने या भागातील मुलांना जी निर्भयता दिली आहे ती शहरातील पुष्कळ मुलांत आढळत नाही. परंतु टेनिस बॉलला शिवण नाही, त्याला झळाळी नाही, आणि खाचरात रुळवलेल्या खेळपट्टीवर त्याला सीझन बॉलची उसळी नाही. त्यामुळे नव्या चेंडूचे जे खास शास्त्र, म्हणजे शिवण सरळ राखणे, एक बाजू तकतकीत ठेवणे, फलंदाजास खेळावेच लागेल अशा रेषेत अर्धा तास टाकीत राहणे, ते त्या खेळात शिकताही येत नाही आणि शिकण्याचे प्रयोजनही उरत नाही. तेथे पहिले षटक आणि शेवटचे षटक यांत फरक एवढाच, की शेवटचे षटक अधिक लोक पाहतात. अशा वातावरणात वाढलेल्या संघटकास, उत्तम गोलंदाज म्हणजे शेवटचे षटक टाकणारा, असे वाटू लागले तर त्यात नवल नाही. परंतु सहा षटकांच्या खेळातून निघालेला सिद्धान्त तो दोन दिवसांच्या खेळास लावतो, तेथे त्याचा पाय घसरतो.

याचे परिणाम भोगावे लागतात ते मुलाला. आपला जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत येतो. निवडीसाठी मुलगा घाट चढून पुण्याकडे जातो, आणि तेथे त्याच्या हाती लाल, नवा, सीझन चेंडू ठेवला जातो. पहिली दोन षटके तो वेगाने टाकतो, सर्वांच्या माना वळतात. तिसऱ्यात त्याच्या धावेची पावले चुकतात, चौथ्यात तो यॉर्करचा आश्रय घेतो, कारण संकटात त्याने तेवढेच शिकलेले असते, आणि पाचव्यानंतर त्याच्या नावापुढे 'दम नाही' असा शेरा पडतो. मग घरी परतल्यावर तोच शेरा आमचे मित्र त्याच्या बदलीचे समर्थन म्हणून वाचून दाखवितात. दम नाही म्हणून त्याला थोडके द्यावयाचे, आणि थोडकेच दिल्यामुळे दम यावयाचा नाही. हे वर्तुळ कोणी तरी तोडले पाहिजे.

ते तोडता येते, याचा दाखला आजच्या काळातलाच आहे. जसप्रीत बुमराह प्रथम प्रसिद्धीस आला तो मर्यादित षटकांच्या खेळात, आणि विशेषतः अखेरच्या षटकांतील यॉर्करसाठी. त्याची ती विचित्र, झटक्याची शैली लांब कामात टिकणार नाही, असे म्हणणारे तेव्हा थोडे नव्हते, आणि त्याला त्याच कोनाड्यात ठेवून देणे निवड समितीस सर्वांत सोयीचे होते. २०१८ च्या जानेवारीत केप टाउनला त्याला कसोटीत उतरविण्यात आले, आणि त्याच एका वर्षात दक्षिण आफ्रिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या तिन्ही देशांत त्याने डावात पाच बळी घेण्याचा पराक्रम केला. पुढे त्याच्या पाठीने त्याला त्रास दिला, हे मी दडवीत नाही. त्यावरूनही निघणारा निष्कर्ष षटके मोजून देण्याचा आहे. येथे बदली झाली ती थोडक्याकडून दीर्घाकडे, आणि भारताला गेल्या काही वर्षांतील सर्वश्रेष्ठ गोलंदाज त्या बदलीने दिला.

दुखापतीचा आक्षेप पुष्कळांना निर्णायक वाटतो, मला वाटत नाही. शेवटच्या षटकासाठी राखलेला मुलगा तासभर सीमारेषेवर उभा असतो, अंग थंड पडलेले असते, आणि एकाएकी हाक येताच त्याला पहिल्या चेंडूपासून सर्व शक्ती लावावी लागते. आरंभ करणारा मात्र अंग तापवून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लयीत येतो. स्नायू कोठे अधिक दुखावतील, याचा निर्णय कोणत्याही तालीमबाजास विचारावा.

उरतो तो पैशाचा आक्षेप, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. शेवटचे षटक राखणाऱ्या मुलास उत्कृष्ट गोलंदाजाचे बक्षीस मिळते, कधी मालिकावीर म्हणून मोटारसायकल मिळते, शेजारच्या तालुक्यातील संघ त्याला मोबदला देऊन बोलावितात. ज्या घरची शेती दोन एकर आणि उत्पन्न पावसावर, त्या घरास हे नगण्य नाही, आणि ते सोडा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी ते सोडावयास सांगतही नाही. माझी मागणी एवढीच आहे, की दिवाळी ते संक्रांत एवढी मुदत या दोन तालुक्यांनी सीझन बॉलसाठी मोकळी ठेवावी, आणि टेनिसच्या स्पर्धा त्यानंतर भराव्यात; त्या मुदतीत एकोणीस वर्षांखालील प्रत्येक संघात नव्या चेंडूचे दोन गोलंदाज ठेवावेत, म्हणजे एकावर दोघांचा भार पडणार नाही; पहिला स्पेल पाच-सहा षटकांचा, मग पुरती विश्रांती, मग दुसरा, असा क्रम कर्णधाराच्या लहरीवर न सोडता प्रशिक्षकाने वहीत लिहून पाळावा; आणि अशा रीतीने दोन मोसम पुरे होईपर्यंत कोणाही वेगवान गोलंदाजाची शेवटच्या षटकांकडे कायमची बदली करू नये. दोन मोसमांनंतरही ज्याचा जीव तेथे रमत नाही, ज्याच्या हाती तिसरा चेंडू येत नाही, किंवा ज्याला शेवटचे षटकच मनापासून आवडते, त्याने आनंदाने तिकडे जावे. परंतु ती बदली ज्या दिवशी होईल त्या दिवशी प्रशिक्षकाने त्याला समोर बसवून वहीतील षटके दाखवावीत, कारण सांगावे, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून नव्या चेंडूपुढील त्याचे नाव खोडू नये.